पालथी घातलेली बरणी

माझ्या बायकोनं आयुष्यात कुणाला डाव्या हातानं काही दिलेलं नाही. पाहुण्याला पाणी नाही, गाईला शिळी भाकर नाही, दारावरच्या भाजीवाल्याला पिशवीसुद्धा नाही. सवय चांगली आहे आणि चाळीस वर्षांत मी त्यावर कधी हरकत घेतली नव्हती. पण गेल्या उन्हाळ्यात याच सवयीनं माझ्या दोन महिन्यांच्या मेहनतीवर पाणी फिरवलं आणि मला गल्लीत वाटी घेऊन दारोदार हिंडावं लागलं. नोकरीभर मी लोकांच्या जमिनी मोजल्या. बांधावरून एकमेकांच्या अंगावर धावून जाणाऱ्या सख्ख्या भावांना मी एका आवाजात खाली बसवलेलं आहे. आणि आता मी चार घरी आंबलेलं पीठ मागत होतो.

हे सगळं तिच्या उजव्या मनगटापासून सुरू झालं. लातुरात आमच्या भागाला नळ आठवड्यातून एकदा येतो. नळाच्या दिवशी ती घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवते, अगदी चहाची किटलीसुद्धा. गच्चीवर टाकी आहे, टाकी भरलेली आहे, किटलीभर पाण्यानं काय होणार, हे मी हजारदा सांगितलं असेल. ऐकेल तर शपथ. डिसेंबरातल्या अशाच एका नळाच्या दिवशी ती ओल्या फरशीवर घसरली आणि हातावर पडली. येळवस आठ दिवसांवर आली होती. त्या अमावास्येला आमच्याकडं झाडून सगळे शेतात जेवायला जातात, आणि ज्वारीचं पीठ ताकात आंबवून केलेली आंबील माठभर लागते. आमच्या हिची आंबील गल्लीतही वाटली जायची, घरटी एक तांब्या. या वेळी आमचा माठ माळ्यावरून खाली आलाच नाही.

प्लास्टर दीड महिन्यानं निघालं, पण मनगट आखडलं ते आखडलंच. डॉक्टर म्हणाले, भाकरी थापायचं सध्या डोक्यातून काढा, आधी हातात चमचा नीट धरता येऊ द्या. व्यायामाला एक पिवळा रबरी चेंडू दिला, दिवसातून शंभर वेळा दाबायला. तिनं तो फ्रिजवर ठेवून दिला. मी रोज खाली काढायचो, ती रोज वर ठेवायची, आणि उजवा हात पदराखाली घेऊन बसायची.

स्वयंपाकाला बाई लावली. बाईंची भाकरी पातळ, पापुद्रा सुटलेली, नाव ठेवायला जागा नाही. मी तीन खायचो. ही चतकोर मोडून ताटात फिरवत बसायची आणि पाणी पिऊन उठायची. विचारलं की एकच उत्तर, "भूक न्हाई." एक दिवस मी फारच मागं लागलो तेव्हा बोलली.

"माज्या चुलीवर दुसरीनं थापलेली भाकर मी बसून खाऊ? मग मी हाय कशाला?"

चूल नाही, गॅस आहे, असं मी म्हणालो. ते म्हणायची ती वेळ नव्हती, हे मला म्हणून झाल्यावर कळलं. मग दोन दिवस मी स्वतः भाकरी थापून पाहिली. माझी भाकरी परातीतच कडेनं फाटायची आणि तव्यावर जाईपर्यंत तिचे गट नंबर पडलेले असायचे. हिनं ते बघून तोंड फिरवलं. हसत होती की रडत, मला अजून माहीत नाही.

ती वाळत चालली होती. आमच्या कोपऱ्यावर ब्लाउज शिवणाऱ्या एक बाई आहेत, त्यांनी दोन महिन्यांत तिचे ब्लाउज दोनदा आत घेतले. मला भीती वाटायला लागली होती. भीती वाटली की मी ओरडतो, हा माझा दोष आहे, आणि त्या काळात मी दिवसातून चार वेळा "खा की!" म्हणून ओरडत होतो. असं ओरडून कुणी खातं का?

फेब्रुवारीत आम्ही नांदेडला लेकीकडं चार दिवस गेलो. तिच्या कॉलनीत एक बाई घरी पाव करायच्या. यीस्ट नाही, सोडा नाही, नुसतं पीठ-पाणी दिवसेंदिवस आंबवून त्यावर फुगवलेला. बाहेरून कडक, आत ओलसर आणि चवीला आंबूस. लेक त्याला सावरडो म्हणायची. मी पहिला घास घेतला आणि हा करपलाय असं जाहीर केलं. आमच्या हिनं मात्र एक फोड ठेच्याबरोबर संपवली, आणि लगेच दुसरी घेतली.

"आंबिलीवानी वास यायलाय," ती म्हणाली.

लेक माझ्याकडं बघायला लागली आणि मी लेकीकडं. परतीच्या बसमध्ये, अहमदपूरच्या स्टँडवर गाडी अर्धा तास उभी होती तेव्हा, माझ्या डोक्यात उजेड पडला. पाव हे असं अन्न होतं ज्याला हिचा हात कधी लागलेलाच नव्हता. तो दुसऱ्या कुणी केला म्हणून हिचं काही जात नव्हतं. तो ती खाऊ शकत होती.

तीन आठवडे नांदेडहून ओळखीच्यांबरोबर पाव येत राहिला. मग त्या बाईंच्या नवऱ्याची पुण्याला बदली झाली. जाताना त्यांनी मला फोनवर सगळी कृती सांगितली आणि वर म्हणाल्या, "सोप्पंय काका." हे दोन शब्द मी जन्मात विसरणार नाही.

कृती अशी. बरणीत गव्हाचं पीठ आणि पाणी सारख्या वजनानं कालवून ठेवायचं. रोज त्यातलं निम्मं काढून टाकायचं आणि उरलेल्यात पुन्हा ताजं पीठ-पाणी घालायचं. आठ-दहा दिवसांत ते जिवंत होतं, फुगायला लागतं. मग त्यातलं थोडं पावाला घ्यायचं, थोडं राखायचं, आणि राखलेल्याला रोज खायला घालत राहायचं. किती दिवस, असं मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, कायमच.

"निम्मं टाकायचं म्हणजे कुठं टाकायचं?" हिनं विचारलं.

"कचऱ्यात."

"पीठ? माज्या घरात?"

मी कागद घेऊन बसलो. न टाकता घालत गेलो तर आजच्या वाटीच्या उद्या दोन वाट्या, परवा चार, आणि पुढच्या नळाच्या दिवसापर्यंत घरातल्या सगळ्या बादल्या पिठाच्या, हे तिला मांडून दाखवलं. तिनं कागदाकडं बघितलंसुद्धा नाही. मी बरणी घेऊन निघालो की ती कचऱ्याच्या डब्यापुढं उभी असायची. शेवटी तह झाला: रोजचं निम्मं धपाट्यात घालायचं. स्वयंपाकाच्या बाई धपाटी उत्तम करतात. पण माणसानं ती सलग किती दिवस खावीत याला काही हद्द आहे, आणि ही अर्थातच त्यातलं एकही खात नव्हती.

तिसऱ्या दिवशी बरणीला असा वास सुटला की ही म्हणाली, "उंदीर मेलाय का बगा कुठं." पाचव्या दिवशी वास गेला आणि पिठाची हालचालही गेली. नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो, म्हणून मी रात्रभर उघडं ठेवलेलं माठातलं पाणी वापरायला लागलो. अकराव्या दिवशी बुडबुडे आले. पीठ किती चढतं ते कळावं म्हणून मी बरणीला एक काळा दोरा बांधला. मोजणीची सवय, दुसरं काय. दोन दिवसांत गल्लीभर झालं की काकांनी बरणीला नजर लागू नये म्हणून काळा दोरा बांधलाय. मी भेटेल त्याला खुलासा करत सुटलो. त्यावर एकानं मला लिंबू-मिरचीही बांधा म्हणून सुचवलं, तेव्हा मी खुलासे बंद केले.

मग मार्च तापला. आमचा मार्च म्हणजे काय ते त्या पुण्याला गेलेल्या बाईंनी कृतीत धरलेलं नव्हतं. सकाळी आठला पीठ घालावं तर अकराला ते दोऱ्याच्या वर चढून पुन्हा खाली बसलेलं आणि दारूसारखं घमघमत असलेलं. दिवसातून तीनदा घालायला लागलो. अहमदपूरला पुतण्याचं लग्न होतं, तिथून मी अक्षता टाकून जेवणाआधी निघालो. का म्हणून विचारलं तर तोंडातून खरं निघून गेलं की बरणी उपाशी आहे. नातेवाईक अजून माझ्या तब्येतीची चौकशी करतात, पण मला नाही, हिला फोन करून.

बरणीवर मी चिडायचो आणि चमच्यानं पीठ ढवळताना ते दिसायचं. एक दिवस ही उठून ओट्याशी आली.

"तुमी कालवायलाव का भांडायलाव त्याच्याशी? सरका तिकडं."

तेव्हापासून वजन मी करायचो आणि कालवायची ती. मी वजनात इतका गर्क असायचो की ती कशी कालवते, कोणत्या हातानं कालवते, याकडं माझं लक्ष नव्हतं.

पाव जुन्या कुकरमध्ये भाजायचा, शिट्टी आणि रिंग काढून. ही लेकीची युक्ती. पहिला पाव सुरीला दाद देईना. दुसरा बाहेरून करपला आणि आत लापशी. तिसऱ्या-चौथ्याचं नाव काढत नाही. सातवा जमला. वर चढला, कापल्यावर आत जाळी दिसली. मी दोन फोडी, शेंगदाण्याची चटणी आणि वर तेल असं ताट तिच्यापुढं ठेवलं आणि पेपर तोंडापुढं धरून बसलो. पेपराच्या कडेवरून बघत होतो. तिनं दोन्ही खाल्ल्या. मग म्हणाली, "अजून अर्धी द्या." मी पेपर खाली ठेवला नाही, कारण माझं तोंड त्या वेळी दाखवण्यासारखं नव्हतं.

पंधरा-वीस दिवस असे बरे गेले. आणि मग गल्लीला वास लागला.

सगळ्यात आधी वरच्या मजल्यावरची भाडेकरीण आली. नुकतं लग्न झालेली, देवणीकडची पोर. "काकू, वाईच विरजण द्या की त्या पिठाचं." झालं, त्याला नावच पडलं, पिठाचं विरजण. आता विरजणाला आमच्याकडं कुणी नाही म्हणत नाही. दारात वाटी आली की चमचाभर का होईना घालायचं. हिच्या दह्याचं विरजण वर्षानुवर्षं अर्ध्या गल्लीला जायचं. हात मोडल्यापासून आम्ही पिशवीचं दही आणत होतो, त्यामुळं वाट्या बंद झाल्या होत्या. त्या पुन्हा यायला लागल्या.

मी म्हणालो, हे दही नाही, हे असं वाटत सुटायचं नसतं, याला माप असतं.

"इरजण कुणी मापून देतंय का?" ती म्हणाली आणि खुर्ची दाराजवळ ओढून बसली.

एप्रिलात मला डोळे दाखवायला नांदेडला जावं लागलं. सकाळी गेलो, दिवे लागायच्या वेळी परत आलो. निघताना बरणी भरलेली होती, अगदी दोऱ्यापर्यंत. परत आलो तर बरणी घासून, पुसून, ओट्यावर फडक्यावर पालथी घातलेली होती. काळा दोरासुद्धा धुऊन शेजारी वाळत ठेवला होता.

"हे काय?" मी विचारलं.

झालं होतं असं. दिवसभरात तीन वाट्या आल्या. ते पीठ चिकट आणि जड, तार धरणारं. वाढायचा डाव उजव्या हाताला पेलेना. डाव्या हातानं द्यायचा तर प्रश्नच नाही. मग हिनं सगळ्यांना एकच सांगितलं, "घे माय, तूच घे तुझ्या हातानं." बायकांनी आपापल्या अंदाजानं घेतलं. आणि अंदाज प्रत्येकीचा वेगळा. शेवटी देवणीची पोर आली. तिनं आत डोकावून विचारलं, "काकू, बुडालाच हाय, घेऊ का?" ही खुर्चीवरून म्हणाली, "घे की, वाढतंय ते." पोरीनं खरवडून घेतलं. आणि दुसऱ्याचं शेवटचं घ्यायचं आणि खरकटं भांडं तसंच टाकून जायचं, असं तिला आईनं शिकवलेलं नव्हतं, म्हणून तिनं बरणी पावडरनं लखलखीत घासून ठेवली. तिचं कुठं काय चुकलं ते मला आजही सांगता येत नाही.

मी ओरडलो. चांगला ओरडलो. दोन महिने मी याच्यामागं उठतोय-बसतोय, लग्नातून उपाशी आलोय, आणि तू बसल्या जागी सगळं वाटून टाकलंस. एक चमचा राखायची अक्कल नको? एकदा डाव्या हातानं, मोजून, थोडंथोडं दिलं असतंस तर आभाळ कोसळणार होतं का?

ती म्हणाली, "चार महिन्यानं माज्या दारात कुणीतरी वाटी घेऊन आलतं." आणि आत जाऊन पडली.

त्या संध्याकाळी ती जेवली नाही. पुन्हा पीठ धरायचं तर दहा-बारा दिवस, आणि तोवर पाव नाही. मी बाहेरच्या खोलीत बसून होतो. पीठ गेल्याचा राग होताच, पण तिचं वाक्य खरं होतं याचा राग जास्त होता.

सकाळी वाटी घेऊन निघालो. आधी वरच्या मजल्यावर.

"डोसे केले की काका! लई भारी झाले. तुमाला आणून देणारच होते."

दुसऱ्या घरी त्याची धपाटी झाली होती. तिसऱ्या घरी वास आला म्हणून तुळशीत ओतलं होतं आणि वर मलाच विचारलं, "काकांचं पीठ नासलं होतं का वो?" नासलेलंच असतं ते, असं म्हणून मी जिना उतरलो.

राहिल्या कोपऱ्यावरच्या ब्लाउजवाल्या बाई. त्यांनी आठवड्यापूर्वी नेलं होतं, म्हणजे काही उरलेलं असायची शक्यताच नव्हती. मी उंबऱ्यातूनच विचारलं. बाईंनी मशीन थांबवलं, आत गेल्या आणि एक छोटं मातीचं गाडगं घेऊन आल्या. वर फडकं बांधलेलं. फडकं सोडलं तर आत बुडबुडे.

"काकू म्हणाल्या होत्या, रोज दोन चमचे पीठ घाल. घरात गहू नव्हता म्हणून ज्वारीचंच घालायले. चालतंय ना?"

तुम्ही पाव केला का, मी विचारलं.

"मला कुठं येतोय पाव. पण काका, त्यांचे ब्लाउज मी दोनदा आत घेतलेत. माज्या हाताला कळतंय की त्या किती वाळल्या. म्हटलं, त्यांच्याकडचं कधी सरलं तर एका घरी असावं."

त्यांनी वाटी भरून दिली, उजव्या हातानं, डावा हात कोपराला लावून, जसं द्यायचं असतं तसं. मी रस्त्यानं वाटीवर तळहात धरून घरी आलो.

त्या पिठाचा पाव फुगला नाही. वाटीतलं बरंचसं ज्वारीचंच पीठ त्यात गेलं होतं आणि ज्वारीला ताण नसतो, त्याला तो तरी काय करणार. बसका, जाडजूड, वरून चिरा पडलेला असा काहीतरी ऐवज कुकरमधून निघाला. मी वैतागून तो ताटात आपटला. हिनं त्याचा तुकडा मोडला, वास घेतला, खाल्ला.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली आणि दुसरा तुकडा मोडला.

मला इतकं बरं वाटलं की मी मिठावरून तिच्याशी दहा मिनिटं वाद घातला. तेवढ्यात तिसराही संपला.

नंतर मी शहाणा झालो. दोन चमचे पीठ एका डबीत घालून तुरीच्या डाळीच्या डब्यामागं लपवलं आणि त्याला गुपचूप खायला घालत राहिलो. हिला ते पहिल्याच दिवशी कळलं असणार.

आठ-दहा दिवसांनी देवणीची पोर पुन्हा दारात आली. वाटी पाठीमागं लपवलेली. "काका, रागावू नका. माजं सरलं."

मी ओट्यापुढं आडवा उभा राहिलो आणि म्हणालो, थांब, मी देतो, मोजून देतो.

"तुमी सरका," ही म्हणाली.

ती खुर्चीवरून उठली आणि ओट्याशी आली. पदराखालून उजवा हात काढला. बरणीत डाव घातला, तोही उजव्या हातानंच, आणि वर उचलला. पीठ डावावरून लोंबलं आणि निम्मं फरशीवर पडलं. मी तोंड उघडलं. हे वाळलं की सिमेंटसारखं बसतं, उलथन्यानं खरवडावं लागतं, हे माझ्या तोंडाशी आलं होतं. पोरगी वाटी पुढं धरून उभी होती. हिनं दुसऱ्यांदा डाव घातला. ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर घाम. डाव वाटीच्या वर आला, जरा थांबला, आणि पीठ वाटीत पडलं.

"घे माय," ती म्हणाली.

मी फरशी पुसायला फडकं आणायला मोरीत गेलो. मला रडू आलं होतं. फडकं समोरच खिळ्याला होतं, तरी मी मोरीतूनच ओरडलो की या घरात एक फडकं जाग्यावर सापडेल तर शपथ.